बपेरा : दोन नद्या, एक सीमा आणि धानाची बांधी

मुंबईहून संध्याकाळी सुटणारी विदर्भ एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूर ओलांडते आणि त्यानंतर खिडकीबाहेरचा प्रदेश बदलू लागतो. कापूस आणि संत्र्याच्या बागा मागे पडतात. लहान लहान चौकोनांत विभागलेली, चारही बाजूंनी मातीचे बांध घातलेली सपाट शेते दिसू लागतात. मधूनच एखादा तलाव, त्याच्या पाळीवर मोहाची झाडे, पुन्हा शेते. वैनगंगेचे खोरे ते हेच. तुमसर रोड स्थानकावर उतरून तुमसर शहर आणि पुढे सिहोरा ओलांडून उत्तरेकडे जाणारा रस्ता बपेरा या गावापाशी येतो आणि तेथे महाराष्ट्र संपतो. समोर बावनथडी नदी, तिच्या पलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा.

वसईपासून सुमारे नऊशे किलोमीटरवर असलेल्या या गावाची ओळख आमच्या वाचकांना का करून द्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. धार्मिकदृष्ट्या हा भाग नागपूरच्या महाधर्मप्रांतात येतो आणि तेथे ख्रिस्ती वस्ती विरळच आहे. आमचे कारण निराळे आहे. आपण भात खाणारे लोक आहोत. आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांचे बालपण चिखलणी, लावणी आणि झोडणी यांत गेले आहे. आज आपल्या गावांतील त्या शेतांवर इमारती उभ्या आहेत, नाही तर गवत वाढले आहे. आपण ज्या जीवनातून बाहेर पडलो, त्याच जीवनात बपेऱ्यासारखी गावे अजून उभी आहेत. ती कशावर उभी आहेत आणि किती काळ उभी राहतील, हे जाणून घेणे आपल्याला परके वाटू नये.

शब्दांचा फरक

प्रथम भाषेविषयी. आपण ज्याला भात म्हणतो त्याला भंडारा जिल्ह्यात धान म्हणतात. भात हा फक्त ताटात वाढलेला. आपले खाचर म्हणजे तिकडची बांधी. बांधाला तिकडे धुरा म्हणतात. आपण ज्या कोवळ्या रोपांना आवण म्हणतो ते तेथे पऱ्हे, आणि आपली लावणी ही त्यांची रोवणी. कापून आडवे टाकलेले धान म्हणजे कडपा. कडप्यांचे भारे बांधून मळणीपूर्वी जी गोल रास रचतात, तिला पुंजणे म्हणतात; आपल्या जुन्या लोकांनी तिला उडवे म्हटले असते. पेंढ्याला तणस हा शब्द आहे.

हे शब्द आम्ही हौसेखातर दिलेले नाहीत. 'बांधी' या एका शब्दात तेथील शेतीचे सारे शास्त्र आले आहे. कोकणात पाऊस इतका पडतो की पाणी काढून देणे हीच चिंता असते. वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस आपल्या निम्म्याहून फारसा अधिक नाही आणि तोही खंड घेत घेत पडतो. धानाला तर पायाशी पाणी उभे लागते. म्हणून जमीन सपाट करून, तिचे लहान तुकडे पाडून, प्रत्येकाला धुरा घालून पडेल तो थेंब अडवावयाचा. वरच्या बांधीत पाणी भरले की धुऱ्याला खाच पाडून ते खालच्या बांधीत सोडावयाचे. या कामाला नकाशा नसतो. कोणते पाणी कोणाच्या शेतातून कोठे जाणार याची समज पिढ्यांपिढ्यांची असते आणि गावातले निम्मे तंटेही तिच्यातूनच निघतात. धुऱ्याची जागासुद्धा वाया जात नाही. तिच्यावर तुरीची ओळ पेरलेली असते, म्हणजे खाली भात आणि वर वरण.

जमिनीची पारखही अशीच बारीक. कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी ही मातीची नावे ब्रिटिश काळातील जमाबंदीच्या कागदांत आहेत आणि लोकांच्या तोंडीही आहेत. कोणत्या मातीत हलके धान, कोणत्या मातीत भारी धान, हे त्यांवरून ठरते. हलके म्हणजे लवकर येणारे, दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणीला येणारे; भारी म्हणजे अधिक दिवस घेणारे आणि अधिक पाणी मागणारे. ज्याच्या बांधीला पाण्याची खात्री नाही तो हलके पेरतो. हलक्या-भारीचा हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

एक सीमा, जी पूर्वी नव्हती

बपेऱ्याच्या नदीवर आज दोन राज्यांची हद्द आहे. परंतु हा प्रदेश मूळचा एकच. बालाघाट जिल्हा १८६७ साली निर्माण झाला तोच मुळी भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून. त्यानंतरही ही सारी मध्य प्रांताची भूमी होती आणि स्वातंत्र्यानंतर नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशाची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला आणि बावनथडीचे पात्र ही राज्याची सीमा झाली. नदीच्या अलीकडची मुले मराठी शाळेत जाऊ लागली, पलीकडची हिंदी शाळेत. घरात मात्र दोन्हीकडे बहुधा तिसरीच बोली होती.

ती बोली म्हणजे पोवारी. सिहोरा परिसरात आणि पलीकडे वारासिवनीपर्यंत पोवार समाजाची मोठी वस्ती आहे. मराठीतील 'आहे' हे क्रियापद पोवारीत 'से' होते, आणि मराठी कानाला ती हिंदीसारखी, तर हिंदी कानाला मराठीसारखी वाटते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात या समाजाचा वृत्तांत आहे. माळव्याकडून येऊन नगरधनच्या परिसरात स्थिरावलेले, नागपूरकर भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत लढलेले आणि त्याबद्दल वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनी मिळालेले हे लोक असून धानाची शेती आणि तलावबांधणी यांत ते निष्णात आहेत, असे तेथे नोंदविले आहे. तलवार घेऊन आलेल्या माणसांनी कुदळ इतक्या निष्ठेने हाती धरावी हे आम्हास विशेष वाटते. अर्थात ही भूमी त्यांच्या एकट्यांची नाही. गोंड त्यांच्या फार पूर्वीपासून येथे आहेत, आणि तलावातील मासे व शिंगाडे यांवर जगणारे ढिवर आहेत, ज्यांच्या नावावर बहुधा जमीनच नसते.

रोटीबेटीचा व्यवहार नदीने तोडला नाही. अलीकडची मुलगी पलीकडे दिलेली असते, पलीकडची सून अलीकडे असते. रोवणीच्या दिवसांत मजूर बायकांच्या टोळ्या पूल ओलांडून येतात-जातात. दिवाळीनंतर भाऊबीजेच्या सुमारास गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्राच, पण देवापेक्षा माणसांसाठी भरणारी. धान निघू लागलेले असते, हातात थोडा पैसा असतो, सासरी गेलेल्या मुली आलेल्या असतात, रात्री दंडार किंवा खडी गंमत असते आणि पुढच्या उन्हाळ्यातील सोयरिकी याच वेळी बोलल्या जातात. २०२० च्या टाळेबंदीत राज्यांच्या सीमा बंद झाल्या तेव्हा, ज्या नदीला कधी कोणी परकी हद्द मानले नव्हते, ती खरोखरच हद्द असल्याचे अनेक घरांना प्रथम कळले.

पाण्याची गोष्ट

बावनथडी हे नाव मोठे अर्थपूर्ण आहे. थडी म्हणजे काठ. शिवनी जिल्ह्याकडून वाहत येऊन ती या टापूत वैनगंगेला मिळते. वैनगंगाही त्याच जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटमार्गे महाराष्ट्रात येते आणि पुढे दक्षिणेला वर्धा नदीशी मिळून प्राणहिता होते. दोन नद्यांच्या संगमाजवळचे गाव म्हटले की पाण्याचे सुख असेल असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. पावसाळ्यात या नद्या काठ सोडतात आणि उन्हाळ्यात बावनथडीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक असते. त्या वाळूला शहरांतून मोठी मागणी आहे. पात्र उपसले की काठच्या विहिरींचे पाणीही खाली जाते, हे निराळे सांगावयास नको.

नदी पावसाळ्यात भरते, आणि तलाव उंचावर असतो. तेव्हा पावसाळ्यातले पाणी पंपांनी उचलून तलावात साठवावे आणि पुढे कालव्यांनी शेतीला द्यावे, या विचाराने सिहोरा परिसरात सोंड्याटोला उपसा सिंचन योजना उभी राहिली. बावनथडीचे पाणी उचलून चांदपूरच्या जलाशयात टाकणे हे तिचे काम. कल्पना उत्तम आहे, परंतु पंप चालण्यास वीज लागते, विजेचे बिल भरावे लागते आणि नदीला पाणी असण्याचे दिवस मोजके असतात. त्या मोजक्या दिवसांत पंप बंद राहिले तर पुढील वर्षभर ते भरून काढता येत नाही. जलाशयात पुरेसे पाणी असेल तर उन्हाळी धान निघते. ते सर्व गावांना एकाच वर्षी पुरत नाही, म्हणून कोणाच्या शिवारात पाणी जावे यावरून दरवर्षी बैठका होतात.

याच नदीवर वरच्या बाजूस दोन्ही राज्यांनी मिळून बावनथडी प्रकल्प, म्हणजेच राजीव सागर बांधला आहे. वनजमीन, पुनर्वसन आणि दोन राज्यांच्या दोन तिजोऱ्या यांमुळे तो अनेक दशके रेंगाळला. एका पिढीने ज्याच्या आशेवर शेती केली, त्याचे पाणी दुसऱ्या पिढीने पाहिले.

पुराचेही तसेच. २०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला जो महापूर आला, त्यात भंडारा शहरासह नदीकाठच्या गावांची मोठी हानी झाली. शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवराचे दरवाजे उघडल्यानंतर पाणी वेगाने खाली आले. धरण एका राज्यात आणि पूर दुसऱ्या राज्यात असला की इशारा वेळेवर पोचणे हीच जीवनमरणाची बाब ठरते. रोवणी होऊन महिना-दीड महिना झालेले धान तीनचार दिवस गढूळ पाण्याखाली राहिले की कुजते आणि त्या वर्षी पुन्हा रोवता येत नाही, कारण पऱ्ह्यांचे दिवस सरलेले असतात. याउलट २०१७ साली खरिपात पावसाने ओढ दिली आणि जे पीक वाचले त्यावर तुडतुड्यांनी हल्ला केला. हा इवलासा किडा बुंध्याशी बसून रस शोषतो आणि उभी बांधी आठवड्याभरात जळाल्यासारखी दिसते.

धान विकावयाचे कोणाला ?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धान पिकले, पुंजणे रचले, मळणी झाली. पुढे काय ?

भाजीपाला किंवा केळी पिकविणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास रोजचा बाजार असतो. धान उत्पादकास वर्षातून एकदा, फार तर दोनदा विक्री करावयाची असते, आणि त्याला भरवशाचा गिऱ्हाईक एकच आहे : सरकार. केंद्र सरकार दर हंगामास आधारभूत किंमत जाहीर करते. २०१३-१४ साली साधारण धानाची ही किंमत क्विंटलला १,३१० रुपये होती. २०२४-२५ साली ती २,३०० झाली आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी २,३६९. भंडारा जिल्ह्यात राज्य सहकारी पणन महासंघाच्या वतीने सहकारी संस्थांची केंद्रे ही खरेदी करतात. शेतकऱ्याने सातबारा, आधार आणि बँक खाते देऊन आधी ऑनलाइन नोंदणी करावयाची, मग आपल्या पाळीप्रमाणे धान केंद्रावर न्यावयाचे. धानात ओलावा १७ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. खरेदी झालेले धान गिरण्यांत भरडाईस जाते. एका क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ गिरणीने सरकारजमा करावयाचा असतो आणि तोच पुढे शिधापत्रिकेवर देशभर जातो. आपल्या गावातील शिधावाटप दुकानात आलेल्या पोत्यात या खोऱ्यातील तांदूळ असणे अगदी शक्य आहे.

कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. अडचण वेळेची आहे. हलके धान दिवाळीच्या आधी घरात येते. त्या वेळी शेतकऱ्याच्या डोक्यावर खताच्या दुकानाची उधारी असते, कापणीची मजुरी द्यावयाची असते आणि सण तोंडावर असतो. केंद्र तेव्हा सुरू झालेले असेलच असे नाही. गोदाम रिकामे नसते, कारण मागील हंगामाचे धान भरडाईसाठी उचललेले नसते. उचललेले नसते, कारण गिरणीमालक आणि शासन यांच्यात भरडाईच्या दराचा वाद चालू असतो. कधी बारदानाच नसते. अशा वेळी व्यापारी दारात येतो. भाव आधारभूत किमतीपेक्षा शेदोनशेने, कधी त्याहूनही कमी. पण पैसे रोख. ज्याच्याजवळ पाचसहा एकर आहे आणि धान ठेवावयास जागा आहे तो थांबतो. ज्याच्याजवळ एक-दीड एकर आहे तो विकून टाकतो. ज्याच्या बांधीला पाण्याची खात्री नाही तो हलके धान पेरतो, असे आम्ही वर म्हटले होते. तोच हा मनुष्य. म्हणजे हमीभावाची हमी ज्याला सर्वांत अधिक हवी, त्याच्याच हातून ती निसटते. व्यापाऱ्यास आम्ही यात सर्वस्वी दोषी मानत नाही. तो सरकारच्या उशिराचा भाव घेत असतो.

दुसरा उशीर पैशाचा. केंद्रावर धान दिले तरी रक्कम खात्यात येण्यास कधी आठवडे, कधी महिने जातात. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडल्यास व्याज पडत नाही, ही चांगली सवलत आहे. परंतु वेळ म्हणजे ३१ मार्च. सरकारने शेतकऱ्याचे देणे एप्रिलमध्ये दिले तर सरकारला व्याज लागत नाही. शेतकऱ्याने सोसायटीचे देणे एप्रिलमध्ये दिले तर त्याची सवलत जाते. हा हिशेब आम्ही अनेकदा तपासून पाहिला, आणि त्यात न्याय कोठे आहे ते आम्हास सापडले नाही.

यात बपेऱ्यासारख्या सीमेवरील गावाचा एक वेगळा पेच आहे. महाराष्ट्र सरकार आधारभूत किमतीवर स्वतःची भर घालत आले आहे. काही वर्षे ही भर क्विंटलला ७०० रुपये, ५० क्विंटलच्या मर्यादेत, अशी होती. म्हणजे एका खातेदारास अधिकात अधिक ३५,००० रुपये. नदीपलीकडे अशी भर नव्हती. तेव्हा पलीकडचे स्वस्त धान अलीकडे आणून कोणाच्या तरी सातबाऱ्यावर विकणे व्यापाऱ्यांस लाभाचे झाले. पूल तर सर्वांसाठी खुला. धानाच्या दाण्यावर राज्याचे नाव लिहिलेले नसते. अशा तक्रारी वाढल्यावर पद्धत बदलण्यात आली. २०२२-२३ च्या हंगामासाठी क्विंटलऐवजी क्षेत्रावर, हेक्टरी १५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असे साहाय्य ठरले; २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ते हेक्टरी २०,००० झाले. मध्य प्रदेशाने २०२४ च्या हंगामासाठी हेक्टरी ४,००० रुपये दिले. छत्तीसगडमध्ये तर २०२३ पासून एकरी २१ क्विंटलपर्यंत धानाला क्विंटलमागे एकूण ३,१०० रुपये पडतात. तीन शेजारी राज्ये, तेच पीक, तेच ऊन, तीच मजुरी आणि तीन हिशेब.

क्षेत्रावर साहाय्य देण्याने बाहेरच्या धानाला काहीसा आळा बसतो हे खरे. पण त्यात एक माणूस सुटला आहे. जो दुसऱ्याची जमीन ठेक्याने किंवा बटईने कसतो त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. साहाय्य मालकाच्या खात्यात जाते, आणि तो मालक कित्येकदा नागपूर-पुण्यास नोकरीला असतो. ज्याने चिखलात पाय रोवले त्याला मालकाने समजून उमजून काही दिले तर दिले. आणि ज्याचा एकच एकर आहे त्यास हेक्टरी २०,००० च्या दराने ८,००० रुपये मिळतात, तर पाच एकरवाल्यास मर्यादेपर्यंत ४०,०००. ते एकराच्या प्रमाणातच आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पूर आणि तुडतुडे काही हे प्रमाण पाळत नाहीत.

बारीक धानाची आणखी एक कहाणी येथे सांगितली पाहिजे. भंडारा-गोंदियाच्या बाजारात एच.एम.टी. या नावाचा तांदूळ प्रसिद्ध आहे. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे अल्पभूधारक दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतातील निराळ्या लोंब्या वर्षानुवर्षे निवडून तयार केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव त्याला पडले. पुढे ते वाण लक्षावधी एकरांवर गेले. दादाजींना २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते पुरस्कार मिळाला आणि ३ जून २०१८ रोजी ते हलाखीतच निवर्तले. आधारभूत किमतीच्या कोष्टकात मात्र साधारण आणि 'अ' दर्जा असे दोनच वर्ग आहेत. २०२५-२६ साठी त्यांत फरक क्विंटलला २० रुपयांचा. तांदळाच्या चवीला सरकारी केंद्रावर किंमत नाही. म्हणून सरकारला द्यावयाचे तर जाड आणि भरघोस धान पेरावे, घरी खावयाचे तर एका बांधीत बारीक धान ठेवावे, असा विचार शेतकरी करतो.

धानामागून येणारी लाखोळी

या शेतीतील एक जुनी युक्ती आम्हास फार आवडते. धान कापणीस दहा-पंधरा दिवस असताना, बांधीत ओल असतानाच उभ्या पिकात लाखोळीचे बी फेकतात. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापले जाईतो लाखोळी उगवलेली असते आणि उरलेल्या ओलीवर हिवाळाभर वाढते. याला उतेरा म्हणतात. कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचे वडे होतात आणि मुळांवरील गाठींमुळे जमिनीत नत्र राहतो.

या गरिबांच्या डाळीवर १९६१ साली केंद्रीय कायद्याने विक्रीबंदी आली. दुष्काळात, विशेषतः जेथे मजुरी म्हणूनही लाखोळीच दिली जाई अशा रेवा भागात, महिनोन् महिने केवळ तिच्यावर जगलेल्या लोकांचे पाय लुळे पडल्याचे आढळले होते. तिच्यातील एक विषारी द्रव्य त्यास कारणीभूत होते. भंडाऱ्याच्या लोकांचे म्हणणे असे की, भातासोबत थोडी डाळ खाणारे आम्ही पिढ्यान् पिढ्या चालतो आहोत. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध दीर्घ लढा दिला, उपोषणे केली आणि २००८ साली महाराष्ट्राने बंदी उठविली. दरम्यान कृषिशास्त्रज्ञांनी ते द्रव्य अल्प असलेली वाणेही काढली होती.

पण आता लाखोळीवर संकट आले आहे ते कायद्याचे नाही. कापणीस मजूर मिळेनासे झाले आणि पंजाबकडून येणारी कापणी-मळणीची मोठी यंत्रे बांध्यांत उतरू लागली. यंत्राला कोरडी जमीन हवी, लाखोळीला ओली. आणि उगवलेले रोप यंत्राच्या चाकाखाली चिरडते. यंत्र तणसही तोडून विखरून टाकते, मग गुरांना वर्षभराची वैरण कोठून आणावयाची ? वैरण नाही म्हणून बैलजोडी विकली जाते आणि बैल नाहीत म्हणून पुढील वर्षी चिखलणीला ट्रॅक्टर भाड्याने लागतो. जेथे उन्हाळी धानाला पाणी मिळते तेथे तर लाखोळीला जागाच उरत नाही. एका बांधीतून पूर्वी तांदूळ, तूर, लाखोळी, वैरण आणि पाणी असेल तर मासेही निघत. आता निघते ते सरकारी केंद्रावर न्यावयाचे धान. हातात रक्कम थोडी अधिक येते, आणि तुरीपासून वैरणीपर्यंत सारे विकत घ्यावे लागते. हे चुकले की बरोबर, याचा निवाडा आम्ही नऊशे किलोमीटरवरून देणार नाही. आमच्याकडेही कोणी ठरवून शेती सोडली नव्हती.

या बांध्यांवर आणखी एका जिवाचा अधिकार आहे. माणसाच्या उंचीचा, लाल मानेचा सारस पक्षी महाराष्ट्रात आता प्रामुख्याने गोंदिया आणि भंडारा याच पट्ट्यात उरला आहे. नदीपलीकडे बालाघाटातही त्याची वस्ती आहे. तो जोडीने राहतो आणि पावसाळ्यात बहुधा धानाच्या बांधीतच घरटे घालतो. त्यासाठी धानाची काही रोपे तो उपटतो, म्हणजे शेतकऱ्याचे नुकसानच करतो. तरी अनेक शेतकरी ते घरटे सांभाळतात, पिल्ले उडेपर्यंत त्या बाजूस फवारणी करीत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली आणि जिल्हा प्रशासनांना संवर्धनाच्या कामाला लावले. सारसाला अर्थातच सीमा ठाऊक नाही. तो सकाळी एका राज्यात चरतो आणि संध्याकाळी दुसऱ्या राज्यात मुक्कामास जातो.

मार्चच्या अखेरीस या भागात जाणाऱ्यास एक विचित्र दृश्य दिसते. एका बाजूस कालव्याचे पाणी पोचलेल्या बांध्या उन्हाळी धानाने हिरव्यागार असतात आणि शेजारच्याच, पाळी न आलेल्या शिवारात जमीन भेगाळलेली असते. पोळ्याला सजविलेल्या बैलांपैकी काही हिवाळ्यात शंकरपटात धावून आलेले असतात, काही विकले गेलेले असतात. सहकारी सोसायटीच्या दारात कर्ज भरणाऱ्यांची रांग लागते. खरिपातल्या धानाचे पैसे ज्यांच्या खात्यात आले ते ती रक्कम घेऊन उभे असतात. ज्यांचे आले नाहीत, ते कोणा नातलगाकडून चार दिवसांसाठी हातउसने घेतात. तो नातलग कित्येकदा नदीपलीकडचा असतो.